खेळ संपला तरी गुण पडद्यावरच!

दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर दोन-तीन तास व्हिडिओ खेळ चांगला रंगला. मग खेळ बंद करून कोणी बातम्या लावल्या. निवेदक बोलत आहे, त्याच्या मागे निळी भिंत आहे. आणि त्या निळ्या भिंतीवर, वरच्या कोपऱ्यात, मघाच्या खेळातले गुणांचे आकडे पुसट दिसत आहेत! खेळाचे यंत्र बंद केले, त्याची वायर काढून ठेवली, वाहिनी बदलली, तरी आकडे जागचे हलत नाहीत. पाहणारा घाबरतो. कोणी म्हणते, पडद्यावर भूत आले. कोणी म्हणते, संच जळला. आणि बहुतेक घरांत शेवटी बोलणी बसतात ती खेळणाऱ्या मुलांना.

हा अनुभव जगभरच्या अनेक घरांनी घेतला, तो मुख्यतः ‘प्लाझ्मा’ जातीच्या दूरचित्रवाणी संचांवर. हे संच आता कोणी बनवीत नाही. पॅनासॉनिक या जपानी कंपनीने २०१३च्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबवले आणि सॅमसंग व एलजी या कोरियन कंपन्यांनी २०१४ मध्ये. पण आधी विकले गेलेले काही संच अजून घराघरांत चालू आहेत, जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. शिवाय या भुताचा एक धाकटा भाऊ तुमच्या घरातल्या मोबाइलमध्येही लपलेला असू शकतो. तेव्हा हे भूत कोठून येते, ते कधी आपोआप जाते आणि कधी कायमचे राहते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. मुलांवरचा आरोप खरा की खोटा, हेही त्यातूनच ठरेल.

आधी डोळ्यांची तपासणी

विज्ञानात पंचनामा नेहमी जवळच्या संशयितापासून सुरू करावा. येथे सर्वांत जवळचा संशयित म्हणजे आपला डोळा.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी हे गाव आहे. हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्र-रात्र नाटके चालतात. रंगमंचावरच्या प्रखर दिव्याकडे थोडा वेळ पाहून नजर अंधाराकडे वळवली, की डोळ्यांपुढे हिरवा-जांभळा ठिपका तरंगताना दिसतो. तो ठिपका अंधारात नसतो, तो आपल्या डोळ्यांत असतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या पेशींवर प्रखर प्रकाश पडला, त्या काही काळ थकतात आणि शेजारच्या ताज्या पेशींपेक्षा कमी संदेश पाठवतात. तांबड्या कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट एकटक पाहा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे पाहा. भिंतीवर हिरवट निळा तुकडा दिसेल. कारण तांबड्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी तेवढ्या थकल्या आहेत.

मग पडद्यावरचे आकडे म्हणजे डोळ्यांचाच खेळ नसेल कशावरून? परीक्षा अगदी सोपी आहे. नजर इकडून तिकडे फिरवा. डोळ्यांतली खूण नजरेबरोबर सरकते. पडद्यावरची खूण पडद्यावरच राहते. दुसरी परीक्षा याहून पक्की आहे. खेळ न पाहिलेल्या माणसाला बाहेरून बोलावून आणा. त्यालाही आकडे दिसले, तर डोळा निर्दोष सुटला. दोषी पडदाच!

मात्र डोळ्याने शिकवलेली एक गोष्ट विसरू नका. जो भाग जास्त राबला, तो थकला आणि शेजारच्यांहून वेगळा पडला. पडद्याचेही बरेचसे असेच होते.

लाखो चिमुकले दिवे

प्लाझ्मा हा शब्द तुम्ही जीवशास्त्रात रक्ताच्या संदर्भात ऐकला असेल. तो वेगळा आणि हा वेगळा. पदार्थाच्या घन, द्रव आणि वायू या तीन अवस्था आपण शिकतो. वायूला पुरेशी ऊर्जा मिळाली, की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि धनभारित आयन यांच्या या मिश्रणाला ‘प्लाझ्मा’ हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले. मराठी परिभाषेत त्याला ‘आयनद्रायू’ म्हणतात. आकाशात चमकणारी वीज, सूर्य आणि पेटलेली ट्यूबलाइट या तिन्ही ठिकाणी प्लाझ्मा असतो.

ट्यूबलाइट समजली, की प्लाझ्मा पडदा निम्मा समजला. तुमच्या शाळेत अजून काचेची जुनी लांब ट्यूब असेल तर तिच्याकडे नीट पाहा. तिच्या आत पाऱ्याची विरळ वाफ असते. तिच्यातून वीज गेली, की डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण निघतात. काचेच्या आतल्या बाजूला एक पांढरी पूड लावलेली असते. तिला फॉस्फर म्हणतात. ही पूड जंबुपार किरण गिळते आणि आपल्याला दिसणारा प्रकाश बाहेर टाकते.

प्लाझ्मा पडदा म्हणजे अशाच चिमुकल्या दिव्यांची भरगच्च पेठ. दोन काचांमध्ये सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची फट ठेवलेली असते आणि तिच्यात बारीक कप्पे पाडलेले असतात. कप्प्यांत मुख्यतः निऑन आणि त्यात थोडा झेनॉन वायू भरलेला असतो. हे दोन्ही वायू रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये शोधून काढले. ग्रीक भाषेत निऑन म्हणजे ‘नवा’ आणि झेनॉन म्हणजे ‘परका’. वीज मिळाली, की हा ‘परका’ १४७ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण सोडतो. कप्प्यात लावलेली फॉस्फरची पूड ते झेलते आणि तिच्या जातीप्रमाणे तांबडा, हिरवा किंवा निळा प्रकाश देते. तीन रंगांचे तीन कप्पे मिळून चित्राचा एक बिंदू होतो. आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असलेल्या पडद्यावर किती कप्पे असतील? गुणाकार करून पाहा: १,९२० × १,०८० × ३ = ६२,२०,८००. साठ लाखांहून अधिक दिवे, आणि प्रत्येकाची पूड वेगळी!

शाळेसाठी जन्मलेला पडदा

हा पडदा घरच्या करमणुकीसाठी जन्मला नव्हता, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. तो जन्मला विद्यार्थ्यांसाठी.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर हे ‘प्लेटो’ नावाची संगणकावर शिकवण्याची पद्धत उभारीत होते. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक पडदा हवा होता. त्या काळच्या काचेच्या मोठ्या नळीच्या पडद्यावर चित्र टिकवायचे, तर ते सेकंदाला अनेक वेळा पुन्हापुन्हा काढावे लागे. त्यासाठी चित्र संगणकाच्या स्मृतीत साठवावे लागे. आणि १९६०च्या दशकात स्मृती ही फार महागडी वस्तू होती. बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी वेगळा विचार केला. चित्र पडद्यानेच लक्षात ठेवले तर? १९६४ मध्ये त्यांनी असा पहिला प्लाझ्मा पडदा करून दाखवला.

१९७२ पासून ‘प्लेटो’च्या विद्यार्थ्यांपुढे नारिंगी प्रकाशाचे प्लाझ्मा पडदे आले. निऑनचा स्वतःचा रंगच तो. त्यांच्यावर ५१२ × ५१२, म्हणजे २,६२,१४४ बिंदू होते. धडे झाले, की विद्यार्थ्यांनी त्यांवर काय केले असेल? अर्थातच खेळ! १९७३ मध्ये ‘एम्पायर’ नावाचा अंतराळयुद्धाचा खेळ तयार झाला. तो अनेक जण एकाच वेळी आपापल्या पडद्यावरून खेळत. तेव्हा प्लाझ्मा पडदा आणि व्हिडिओ खेळ यांची सोबत पन्नास वर्षांहून जुनी आहे. या शोधाबद्दल बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांना २००२ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणी क्षेत्राचे तांत्रिक एमी पारितोषिक मिळाले.

हवी असलेली आठवण

पडदा चित्र लक्षात कसा ठेवतो? त्याची युक्ती फार सुंदर आहे.

कप्प्याला वीज देणाऱ्या तारांवर काचेचा पातळ थर असतो. समजा, कप्पा पेटायला २५० व्होल्ट लागतात; पण आपण सर्व कप्प्यांना दर खेपेला १८० व्होल्टच देतो. साहजिकच कोणताच कप्पा पेटणार नाही. आता आपल्याला हवा तेवढा एकच कप्पा क्षणभर जास्त दाब देऊन पेटवला. पेटताच सुटे झालेले इलेक्ट्रॉन एका भिंतीवर आणि आयन दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसतात. काचेमुळे ते पुढे वाहून जाऊ शकत नाहीत. भिंतींवर साठलेला हा भार बाहेरच्या दाबाला विरोध करतो आणि कप्पा लगेच विझतो.

पण वीज उलटसुलट होणारी आहे. पुढच्या क्षणी दाबाची दिशा बदलते आणि मघाचा विरोधक मदतनीस होतो! भिंतीवरच्या भाराचे समजा १०० व्होल्ट आणि बाहेरचे १८० मिळून २८० झाले. कप्पा पुन्हा पेटला, भार पुन्हा उलट बाजूंना जाऊन बसला, आणि हे चक्र चालू राहिले. शेजारच्या, कधीच न पेटलेल्या कप्प्याच्या भिंती कोऱ्या आहेत. त्याला १८० व्होल्ट पुरत नाहीत. तो काळाच राहतो. म्हणजे सर्वांना सारखीच वीज देऊनही पेटलेला पेटलेला राहतो आणि विझलेला विझलेला. भिंतीवरचा विद्युत्भार हीच पडद्याची आठवण. ती पुसायला एक नेमकी छोटी खेप पुरते.

घरगुती रंगीत संचांतही हीच युक्ती वापरली गेली. मात्र तेथे एक अडचण होती. कप्पा एक तर पेटतो, नाही तर विझतो. अर्धवट पेटत नाही. मग मंद आणि तेजस्वी छटा कशा दाखवायच्या? तंत्रज्ञांनी चित्राच्या प्रत्येक फेरीचे अनेक लहान भाग केले. आठ भाग धरले, तर त्यांत पेटण्याच्या खेपा १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ या प्रमाणात ठेवता येतात. हवी ती छटा बेरजेने मिळते. २०० ची छटा हवी? १२८ + ६४ + ८. जंगलातल्या अंधाराची २० ची छटा? १६ + ४. आणि पांढरेशुभ्र हवे असेल तर सर्व भागांत पेटा: बेरीज २५५. चित्रांची फेरी सेकंदाला ५० किंवा ६० वेळा होते आणि आपला डोळा या साऱ्या खेपांची सरासरी करून एक छटा पाहतो.

ही बेरीज लक्षात ठेवा. खेळातला गुणांचा पांढरा आकडा दर फेरीला २५५ खेपा राबतो, आणि शेजारचे काळोखे जंगल २० खेपा. बाराहून अधिक पट फरक!

नको असलेली आठवण

भिंतीवरचा भार दर फेरीला पुसला जातो. तेव्हा मघाच्या खेळाचे आकडे त्याच्यामुळे तासभर उरले, असे म्हणता येत नाही. उरते ती दुसरीच आठवण. ती विजेची नसून कप्प्यातल्या पदार्थांची असते.

कप्प्याच्या पुढच्या काचेवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. आयनांचा मारा तो झेलतो आणि पेटण्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन पुरवतो. एखादा कप्पा दीर्घकाळ जोरात पेटत राहिला, की या थराच्या पृष्ठभागाची अवस्था थोडी बदलते, कप्पा शेजाऱ्यांपेक्षा तापतो आणि फॉस्फरचा प्रतिसादही किंचित बदलतो. नवे चित्र आले, तरी असा कप्पा शेजाऱ्यांइतकाच प्रकाश देत नाही. थोडा कमी देतो किंवा थोडा जास्त. हा किंचित फरक म्हणजेच आपले भूत. चित्र हलते राहिले, की थर आणि तापमान पूर्ववत होते आणि भूत काही मिनिटांत किंवा काही तासांत विरून जाते. याला चित्राचे तात्पुरते रेंगाळणे म्हणू.

आता धानाच्या बांध्यांकडे चला. गवतावरून एकदा चालत गेलात, तर पावले उमटतात. सकाळपर्यंत गवत पुन्हा ताठ होते. पण त्याच रेषेवरून सारे गाव हंगामभर चालले, तर पाऊलवाट पडते आणि तेथे गवत उगवत नाही. पडद्याचेही तसेच आहे. तात्पुरते रेंगाळणे म्हणजे वाकलेले गवत. पाऊलवाट मात्र वेगळी गोष्ट आहे.

झेनॉनच्या जंबुपार किरणाचा एकेक कण निळ्या प्रकाशाच्या कणापेक्षा सुमारे तिप्पट ऊर्जेचा असतो. फॉस्फरची पूड हा मारा वर्षानुवर्षे सोसते आणि हळूहळू तिची प्रकाश देण्याची शक्ती घटते. तीन रंगांत निळी पूड सर्वांत लवकर म्हातारी होते. म्हणून फार राबलेल्या जागी निळा रंग कमी पडतो आणि पांढऱ्या चित्रात ती जागा पिवळसर किंवा मळकट दिसते. ही झीज भरून येत नाही. हीच पडद्यावरची कायमची खूण. दुकानदार तिला ‘पडदा जळला’ म्हणतात. खरे तर तेथे काही जळालेले नसते. एक भाग शेजाऱ्यांआधी म्हातारा झालेला असतो, एवढेच.

हिशेब करून पाहू

येथे एक कोडे आहे. शेवटच्या काळातील प्लाझ्मा संचांचे तेज निम्मे व्हायला एक लाख तास लागतील, असा उत्पादकांचा दावा होता. रोज ५ तास संच चालवला, तर एक लाख तास व्हायला २०,००० दिवस, म्हणजे सुमारे ५५ वर्षे लागतील. मग दोन-तीन वर्षांत खूण कशी दिसते?

कोड्याचे उत्तर पुन्हा डोळ्यातच आहे. एकूण तेज थोडे कमी झाले, तर आपल्याला कळतही नाही. पण दोन भाग शेजारी शेजारी असले आणि मधली कडा ठसठशीत असली, तर एक-दोन टक्क्यांचा फरकही डोळा पकडतो. सरळ हिशेब धरू. एक लाख तासांत ५० टक्के, तर २,००० तासांत १ टक्का आणि ४,००० तासांत २ टक्के. रोज ५ तास एकच आकृती एकाच जागी तेजाने तळपत राहिली, तर ४,००० तास व्हायला ८०० दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षे. प्रत्यक्षात नव्या फॉस्फरची झीज सुरुवातीला जास्त वेगाने होते, म्हणून खूण याहूनही आधी दिसू शकते. नव्या प्लाझ्मा संचाचे पहिले शंभर-दोनशे तास जपून वापरा, असे सांगत असत, त्याचे कारण हेच.

हिशेबावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. झीज तर साऱ्याच पडद्याची होत असते. तक्रार झिजेची नाही, असमान झिजेची आहे. भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान वर्षभराने काढले, की मागे उजळ चौकोन दिसतो. तेथे दिनदर्शिकेने काही उमटवलेले नसते. उलट तेवढीच भिंत ऊन आणि धूर यांपासून वाचलेली असते. प्लाझ्मा पडद्यावरही असे घडते. दूरदर्शनचे जुने कार्यक्रम चौकोनी आकाराचे असत. ते रुंद पडद्यावर लावले, की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. वर्षानुवर्षे असे पाहिले, तर मधला भाग झिजतो आणि बाजूचे पट्टे ताजे राहतात. मग पूर्ण रुंदीचे चित्र लावले, की कडांना दोन उजळ खांब उभे!

खेळच का बदनाम?

चित्रपटात एकही बिंदू फार काळ एका रंगाचा राहत नाही. खेळाचे तसे नाही. युद्धाचा खेळ असो वा मोटारींच्या शर्यतीचा, पडद्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात गुण, उरलेले जीव, नकाशा, वेगाचा काटा ही सारी मंडळी ठाण मांडून बसतात. त्यांचे रंगही मुद्दाम भडक ठेवतात, कारण खेळणाऱ्याला ते एका दृष्टिक्षेपात दिसायला हवेत. त्यात खेळणारा दोन-तीन तास जागचा हलत नाही. स्थिर आकृती, भरपूर तेज आणि दीर्घ वेळ हे तीन योग एकत्र आले, की पडद्याला पाऊलवाट पडू लागते.

ही तक्रार प्लाझ्मापेक्षा जुनी आहे. १९८० मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘पॅक-मॅन’ या खेळात भुलभुलैयाचे चित्र सदैव तेच असते. खेळघरांतल्या काचनळीच्या पडद्यांवर तो भुलभुलैया कायमचा कोरला जाई आणि यंत्र बंद असतानाही दिसे. संगणकांवर काम थांबले, की हलती चित्रे आपोआप सुरू होत. ती सोयही मुळात काचनळीचे फॉस्फर वाचवण्यासाठीच निघाली.

पण तीन योग पुन्हा वाचा. त्यांत ‘खेळ’ हा शब्द नाही. बातम्यांच्या वाहिनीवर खाली सरकणाऱ्या मजकुराची भडक पट्टी असते. मजकूर सरकतो, पण पट्टी जागची हलत नाही. वाहिनीचे बोधचिन्ह कोपऱ्यात दिवसभर असते. क्रिकेटच्या सामन्यात धावफलक सात-आठ तास एकाच जागी राहतो.

पंचनामा कसा करावा

समजा, केशोरीतल्या एका घरी प्लाझ्मा संच आहे आणि त्यावर खूण दिसते. नात खेळते आणि आजोबा बातम्या पाहतात. घरातले सारे नातीला बोलत आहेत. तिने काय करावे? रडू नये, वही-पेन्सिल घ्यावी.

पहिले, सारा पडदा एकसारखा करड्या रंगाचा होईल असे चित्र लावावे आणि खुणेचा आकार व जागा वहीत काढावी. खाली सगळ्या रुंदीभर पट्टी असेल, तर ती बातम्यांची. वरच्या कोपऱ्यात छोटे चिन्ह असेल, तर ते वाहिनीचे. खालच्या कोपऱ्यात गोल नकाशा किंवा आकड्यांची जागा असेल, तर मात्र खेळाची. आरोपी आपली सही स्वतःच करून जातो.

दुसरे, संचाला वेगवेगळी साधने जोडून पाहावीत. सर्व ठिकाणी तीच खूण असेल, तर ती पडद्याची. एकाच वाहिनीवर किंवा एकाच साधनावर दिसत असेल, तर पडदा ठीक आहे, दोष येणाऱ्या चित्रात आहे.

तिसरे, हलते, रंगीत कार्यक्रम लावून दर अर्ध्या तासाने करडे चित्र पाहावे आणि खूण किती पुसट झाली ते लिहावे. दर वेळी ती फिकी होत असेल, तर ते वाकलेले गवत आहे. दोन-तीन दिवसांतही तसूभर फरक पडला नाही, तर ती पाऊलवाट समजावी. जुना संच विकत घेणाऱ्यानेही दुकानात हीच करड्या चित्राची परीक्षा आधी करावी. चालू चित्रपटात खूण लपून जाते.

उपाय आणि गैरसमज

तात्पुरत्या खुणेवर सर्वांत चांगला उपाय म्हणजे वेगळे, हलते, पूर्ण पडदाभर चित्र. अनेक प्लाझ्मा संचांत पांढरा पट्टा पडद्यावरून सरकवण्याची सोय असे. काहींत सारे चित्र थोड्या थोड्या वेळाने दोन-चार बिंदू इकडेतिकडे सरकत असे, म्हणजे कडा ठसठशीत होत नाही. खेळताना तेज आणि उठाव कमी ठेवावा, दर तासाला विश्रांती घ्यावी. ही विश्रांती खेळणाऱ्याच्या डोळ्यांनाही लाभते. कायमच्या खुणेवर औषध नाही. दीर्घकाळ पांढरे चित्र लावून बाकीचा भाग झिजवला, तर फरक कमी होतो खरा; पण ते म्हणजे एक बाही फिकी पडली म्हणून सारा सदरा उन्हात टाकण्यासारखे आहे. शिवाय पांढऱ्या चित्राला वीजही सर्वांत जास्त लागते.

‘वायू संपला, भरून आणा’ असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. कप्पे काचेत कायमचे बंद असतात. वायू भरण्याची सोयच नसते. खुणेमुळे घातक किरण बाहेर पडतात, हीही भीती खोटी. १४७ नॅनोमीटरचे किरण पुढच्या काचेपार जाऊ शकत नाहीत. आणि पुसट खूण दिसते म्हणून चालता संच भंगारात घालण्याचे तर काहीच कारण नाही.

आजचे पडदे

आज घरांत दिसणारे बहुतेक सपाट संच द्रवस्फटिकाचे आहेत. त्यांत प्रकाश मागच्या दिव्यांतून येतो आणि द्रवस्फटिक फक्त झडपेसारखे काम करतात. त्यांच्यातही स्थिर चित्र फार वेळ राहिले, तर सुटे आयन एका बाजूला गोळा होऊन चित्र रेंगाळते. पण ते बहुधा जाते. ‘ओलेड’ पडद्यांत मात्र प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. तेथे कार्बनी संयुगे प्रकाश देतात आणि तीही म्हातारी होतात. येथेही निळ्या रंगाची चिंता जास्त. पुष्कळ मोबाइलचे पडदे आज याच जातीचे आहेत. घड्याळ आणि बॅटरीचे चिन्ह वरच्या पट्टीत नेहमी असते आणि खेळांची बटणेही ठरल्या जागी असतात. तीन योग येथेही जुळतात.

घरी करायचा प्रयोग

पतंगाच्या गडद रंगीत कागदाच्या चार पट्ट्या घ्या. प्रत्येकीवर जाड पुठ्ठ्याचा कापलेला तारा घट्ट बसवा आणि चारही पट्ट्या कडक उन्हात, काचेखाली ठेवा. पहिली एका दिवसाने काढा, दुसरी दोन दिवसांनी, तिसरी चार दिवसांनी, चौथी आठ दिवसांनी. तारा उचलल्यावर त्याची कडा प्रथम कोणत्या पट्टीवर ओळखू येते? आता त्या पट्टीचा उन्हात फिका पडलेला भाग आणि न वापरलेला ताजा कागद एकमेकांपासून दूर, दोन खोल्यांत ठेवा आणि मित्राला विचारा, यांतला फिका कोणता? त्याला सांगता येते का? कडेमुळे काय फरक पडला, हे तुमच्या लक्षात येईल.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. एका घरी रोज दोन तास एकच खेळ चालतो आणि रोज सहा तास एकच बातम्यांची वाहिनी. खेळातल्या आकड्यांची छटा २५५ आहे आणि बातम्यांच्या पट्टीची १००. पेटण्याच्या खेपा मोजल्या, तर पडद्याला जास्त कोण झिजवतो? गुणाकार वहीत करा, आणि मगच घरात कोणाला बोला.